विश्लेषण : पान पिवळे पडले की खतच हवे का? धानपट्ट्यातल्या कुंड्यांचे दुखणे बहुतेकदा पाण्याचे

पाऊस ओसरला, दिवाळी तोंडावर आली, की गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यात धान निसवलेले असते आणि अंगणातल्या कुंड्या मात्र पिवळ्या पडू लागतात. तुळस खालून गळते. मिरचीची पाने फिकी होतात. कढीपत्त्याचे नवे पान फक्त शिरांपुरते हिरवे राहते. पानाचा फोटो मोबाइलवरून ओळखीच्या कुणाला तरी जातो आणि दोन मिनिटांत उत्तर येते, ‘खत द्या’. कृषी सेवा केंद्रातून बाटली येते, दोन झाकणे जास्तच पडतात आणि आठवडाभरात रोप माना टाकते. खर्च शे-दोनशे रुपयांचा असतो, पण निदान चुकल्यामुळे तो दर हंगामात पुन्हा होतो. घराच्या ओट्यापासून अंगणवाडीच्या परसबागेपर्यंत आणि तिथून वृक्षलागवडीच्या रोपांपर्यंत चूक एकच आहे. आधी खत आणि मग तपासणी, हा क्रम उलटा करण्याची गरज आहे.

मुलचेऱ्यासारख्या भागात हा प्रश्न वेगळा का?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा १२ तालुक्यांचा आहे. दक्षिणेकडच्या अहेरी भागातला मुलचेरा हा त्यातला एक लहान तालुका. जंगल, धानाच्या बांध्या आणि पूर्व बंगालमधून येऊन इथे वसलेल्या बंगाली कुटुंबांची गावे, अशी त्याची ओळख. जवळपास प्रत्येक अंगणात काहीतरी लावलेले असते. कुठे तुळस आणि झेंडू, कुठे वांगी-मिरची, तर कुठे लाल माठ आणि मांडवावर चढलेला पोई, म्हणजे मायाळू.

जिल्ह्यात वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. जमिनीतले झाड ही दोन्ही टोके सहन करते, कारण त्याच्या मुळांना खोल जाता येते. कुंडीतल्या रोपाकडे दहा-पंधरा लिटर माती असते. चार महिने ती चिखल होते आणि पुढचे काही महिने वीट.

त्यात सवयीचा भाग आहे. धान पिकवणाऱ्या माणसाला बांधीत पाणी साचलेले दिसले की समाधान वाटते. धानासाठी ते योग्यही आहे. धानाच्या पानापासून मुळापर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून त्याची मुळे पाण्याखाली श्वास घेऊ शकतात. तुळस, मिरची, कढीपत्ता, गुलाब यांच्याकडे ही सोय नाही. त्यांची मुळे मातीच्या कणांमधल्या हवेवर जगतात. त्या जागेत पाणी भरले की प्राणवायूचा पुरवठा जवळपास तुटतो, कारण प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू पाण्यात पसरतो. बांधीचा नियम कुंडीला लावला की मूळ गुदमरते.

तहान आणि गुदमरणे, दोन्हींत रोप सारखेच का दिसते?

बहुतेक घरांत फसगत होते ती इथे. पाणी कमी पडले की पान माना टाकते आणि पाणी जास्त झाले तरी माना टाकते. दुसऱ्या वेळी मूळ कुजलेले असते. माती ओली असूनही ते पाणी वर पाठवू शकत नाही. घरातले माणूस मात्र सुकलेले पान पाहून आणखी एक तांब्या ओतते.

फरक ओळखायला यंत्र लागत नाही. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालावे. कोरडे लागले तर पाणी, ओले लागले तर थांबावे. दुसरी खूण वजनाची. पाणी घातल्यावर कुंडी एकदा उचलून पाहावी आणि दोन दिवसांनी पुन्हा उचलावी. आठवडाभरात हाताला अंदाज येतो. तहानलेल्या कुंडीत माती काठापासून सुटलेली असते, पाने कुरकुरीत होतात आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत रोप उभे राहते. गुदमरलेल्या कुंडीत खालची पाने मऊ पडून पिवळी होतात, मातीला आंबूस वास येतो, वर हिरवे शेवाळ धरते आणि बारीक काळ्या माश्या उडतात. शंका राहिली तर रोप हलकेच बाहेर काढून मुळे पाहावीत. पांढरी आणि घट्ट मुळे निरोगी, तर तपकिरी आणि बोटाने साल निघून येणारी मुळे कुजलेली.

उन्हाळ्यात आणखी एक फसवणूक होते. नारळाच्या भुश्यात, म्हणजे कोकोपीटमध्ये वाढवलेली रोपे पूर्ण वाळली की तो भुसा पाणी शोषत नाही. वरून घातलेले पाणी कडेने खाली निघून जाते. ताटलीत पाणी दिसते आणि मुळांचा गोळा आतून कोरडाच राहतो. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवणे हा साधा उपाय आहे. भर दुपारी मान टाकून सायंकाळी आपोआप सावरणाऱ्या रोपाला मात्र पाण्यापेक्षा सावली हवी असते.

तळाशी विटांचे तुकडे घातले की निचरा होतो?

हा सल्ला पिढ्यान् पिढ्या दिला जातो, पण तो पुरता बरोबर नाही. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. पाणी ठिबकणे थांबले की तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी गळते. स्पंज तोच, पाणी तेच. फक्त उंची वाढली. मातीही अशीच वागते. बारीक मातीतून पाणी जाड तुकड्यांच्या थरात सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशी अडून राहते. तुकड्यांचा चार बोटांचा थर घातला की मातीची उंची तेवढी कमी होते आणि ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. छिद्रातून माती वाहू नये म्हणून एखादी खापरी ठेवायला हरकत नाही. निचरा होतो तो छिद्रांमुळे आणि मातीच्या पोतामुळे.

या दोन्ही बाबतीत गावाकडची कुंडी कमी पडते. ती अनेकदा कुंडी नसतेच. रंगाचा २० लिटरचा डबा, तेलाचा पिंप, फुटकी बादली किंवा सिमेंटची रिकामी गोणी असते आणि तिला एक तरी छिद्र असेल याची खात्री नसते. माती बांधीतली. झाडीपट्टीत जमिनीला कन्हार, मोरांड, खरडी, बरडी अशी नावे आहेत. काळी चिकट कन्हार धानाला चांगली, कारण ती पाणी धरते. डब्यात नुसती कन्हार भरली की त्याच गुणाचा दोष होतो.

यावरचा उपाय याच पट्ट्यात पडून असतो. राइस मिलच्या मागे धानाच्या तुसाचे ढीग असतात. ही तूस जाळून काळी केली की हलकी, हवा खेळती ठेवणारी वस्तू मिळते. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग जळकी तूस, एवढे मिश्रण बहुतेक भाज्यांना पुरते. लाकडाचा ताजा भुसा मात्र घालू नये. तो कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि रोप पुन्हा पिवळे पडते. माती जंगलातून उचलण्याचा मोहही टाळावा. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार वरच्या थराची मातीदेखील वनोपजात मोडते.

पाणी ठीक असेल, तर काय कमी पडले हे कसे ओळखायचे?

वनस्पतीला १७ मूलद्रव्ये आवश्यक मानली जातात. त्यातली कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायू हवा व पाण्यातून मिळतात, उरलेली १४ मुळांवाटे. ही सगळी पाठ करण्याची गरज नाही. पहिला प्रश्न एकच विचारावा. आधी जुने पान बिघडले की नवे?

नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम रोपाच्या आत फिरू शकतात. तुटवडा आला की रोप ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते. म्हणून खुणा खाली दिसतात. खालचे पूर्ण पान सारखेच पिवळे आणि वाढ खुंटलेली असेल तर नत्र कमी. कडा करपल्यासारख्या तपकिरी असतील तर पालाश. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही जुन्या पानावर, तर मॅग्नेशियम. पाने गडद, जांभळट आणि रोप ठेंगणे असेल तर स्फुरदाची शंका घ्यावी.

लोह, जस्त, बोरॉन आणि कॅल्शियम सहज फिरत नाहीत. त्यांच्या खुणा शेंड्याकडे दिसतात. नव्या पानावर हिरव्या शिरांची जाळी आणि बाकी पान फिके असेल तर लोह. नवी पाने बारीक आणि पेरे आखूड असतील तर जस्त. शेंडा वाकडा होऊन मरत असेल तर कॅल्शियम किंवा बोरॉन.

चार महिने पावसात उभ्या राहिलेल्या कुंडीत नत्राची खरी कमतरता असू शकते, कारण पाण्यासोबत ते छिद्रातून वाहून जाते. पण तो निष्कर्ष मुळे आणि माती पाहिल्यावर काढायचा. मुळे पांढरी असतील तर दोन मुठी गांडूळखत किंवा लिटरभर पाण्यात एक ते दोन ग्रॅम १९:१९:१९ असे विद्राव्य खत पुरेसे होते. मुळे कुजलेली असतील तर तेच खत जखमेवर मिठासारखे काम करते.

माती लाल, लोह भरपूर; मग पान लोहाविना का?

गडचिरोलीतल्या लाल मातीचा रंगच मुळी लोहाच्या ऑक्साइडचा. तरीही डब्यातल्या मोगऱ्याचे किंवा कढीपत्त्याचे नवे पान लोहाविना फिके पडू शकते. मातीत लोह असणे आणि मुळाला ते घेता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मातीचा सामू साडेसातच्या पुढे गेला की लोह विरघळत नाही. कुंडीत तो वाढवणारे दोन स्रोत घरातच असतात. एक म्हणजे बोअरवेलचे जड पाणी. कुंडीच्या काठावर पांढरी पुटे दिसली की त्याचा हात ओळखावा. दुसरा म्हणजे बांधकामाचा चुना-सिमेंटमिश्रित राडा, जो ‘भर’ म्हणून डब्यात टाकला जातो.

इथे लोहाची बाटली आणण्याआधी पाणी बदलून पाहावे. पावसाळ्यात पन्हाळीखाली ठेवलेले एक पिंप कुंड्यांना उपयोगी पडते. निचरा चांगला असेल तर वर्षातून एक-दोनदा मातीच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून साचलेले क्षार धुऊन काढता येतात.

अंड्याची टरफले, केळीच्या साली, एप्सम सॉल्ट यांचे काय?

या उपायांचा मोबाइलवर सुळसुळाट आहे. ते खोटे नाहीत, पण प्रत्येकाचे काम वेगळे आहे. टरफल हे कॅल्शियम कार्बोनेट असते आणि ते विरघळायला फार वेळ लागतो. जड पाण्याच्या कुंडीत त्याची गरजही नसते. एप्सम सॉल्टमधून मॅग्नेशियम आणि गंधक मिळते. नत्र कमी असलेल्या रोपाला त्याचा उपयोग नाही आणि अतिरेक झाला तर कॅल्शियम घेण्यात अडथळा येतो.

टोमॅटोचे उदाहरण बोलके आहे. फळाचा बुडखा काळा पडतो तेव्हा सगळे कॅल्शियमचे नाव घेतात. फळात कॅल्शियम कमी असते हे खरेच. पण ते पाण्याच्या प्रवाहासोबत चढते. तीन दिवस कोरडे आणि चौथ्या दिवशी पूर, असे पाणी दिले की मातीत कॅल्शियम असूनही फळापर्यंत पोहोचत नाही. उपाय टरफलांत नाही, रोजच्या नियमित पाण्यात आहे.

धानाच्या ‘खैरा’ने काय शिकवले?

निदान चुकण्याचा अनुभव मोठ्या शेतीलाही आलेला आहे. तराईच्या पट्ट्यात धानाच्या पानांवर काताच्या रंगाचे डाग पडून पीक बसत असे. त्याला ‘खैरा रोग’ म्हणत. पंतनगर कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले, की यामागे बुरशी किंवा विषाणू नाही. जस्ताची कमतरता आहे. झिंक सल्फेट आणि चुन्याच्या फवारणीने पीक सावरले. रोग समजून मारलेली कोणतीही फवारणी तिथे वायाच जाणार होती.

यातली पुढची बाब कुंडीशी थेट जोडलेली आहे. सतत पाण्याखाली राहिलेल्या जमिनीत जस्त असूनही मुळांना कमी मिळते. म्हणजे जिथे अन्नद्रव्याची कमतरता दिसते, तिथेही पाणी आधी तपासावे लागते. धानपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हा धडा नवा नाही. तो अंगणातल्या डब्यापर्यंत आलेला नाही इतकेच.

सरकारी लागवडीशी याचा संबंध काय?

प्लास्टिकच्या काळ्या पिशवीतले रोप हे कुंडीतलेच रोप असते. महाराष्ट्राने २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत अनुक्रमे ४, १३ आणि ३३ कोटी, म्हणजे एकूण ५० कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य ठेवले. पुढे २०२१ मध्ये या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमण्याची घोषणा करावी लागली. जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मुलचेऱ्याशेजारच्या चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरी येथे गडचिरोलीत दोन वर्षांत एक कोटी झाडे लावण्याचा संकल्प जाहीर केला. पहिल्या वर्षी ४० लाख आणि दुसऱ्या वर्षी ६० लाख.

आकडा खड्ड्यांचा मोजला जातो. रोप जगणार की नाही हे बऱ्याच अंशी खड्ड्याआधी पिशवीत ठरलेले असते. फार दिवस पिशवीत राहिलेल्या रोपाची मुळे तळाशी गोल गोल गुंडाळतात. तशीच लावली तर ती बाहेरच्या मातीत शिरत नाहीत आणि पहिल्याच उन्हाळ्यात रोप तहानेने मरते. अशा रोपावर खताचा खर्च करणे निरर्थक आहे. लावण्याआधी दर खेपेतली काही रोपे पिशवीतून काढून मुळे पाहणे, ही तपासणी फुकटात होते आणि तिला प्रयोगशाळा लागत नाही.

दुसरा प्रश्न ताटातला आहे. शाळांमध्ये पोषण बागा फुलवाव्यात, अशा केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आल्या. बचत गटांच्या आणि अंगणवाड्यांच्या परसबागांचाही आग्रह धरला जातो. कुपोषण आणि रक्तक्षय ज्या जिल्ह्याची जुनी दुखणी आहेत, तिथे अंगणवाडीच्या दारातला पालक आणि शेवगा हा शोभेचा विषय नाही. पालक पिवळा पडून उपटला गेला की त्या आठवड्यात तेवढी हिरवी भाजी ताटातून जाते.

मग करायला काय हवे?

मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली. तिच्यात मातीचे १२ घटक तपासले जातात. योजना शेतजमिनीसाठी आहे आणि तशीच असावी. प्रत्येक डब्याची माती प्रयोगशाळेत पाठवणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. पण तपासणीचा जो शिस्तीचा क्रम शेतीत मान्य झाला आहे, तो परसबागेच्या प्रशिक्षणात यायला हवा. रोपे आणि बियाण्यांची पाकिटे वाटताना डब्याला बोटभर जाडीची पाच-सहा छिद्रे पाडून दाखवणे हा प्रशिक्षणाचा पहिला धडा असावा. गडचिरोलीच्या सोनापूर येथील कृषी विज्ञान केंद्र आणि तालुक्यातले सहायक कृषी अधिकारी यांना यासाठी वेगळा निधी लागणार नाही. लागेल तो अर्ध्या तासाचा वेळ.

मोबाइलवरच्या सल्ल्याला नावे ठेवून उपयोग नाही, कारण दूरच्या गावात तोच हाताशी आहे. फक्त फोटो पानाचा एकटाच पाठवू नये. पूर्ण रोप, मातीचा वरचा थर, डब्याचा तळ आणि शक्य असेल तर मुळे, असे चार फोटो पाठवावेत. शेवटचे पाणी कधी दिले तेही लिहावे. उत्तर देणाऱ्यानेही एवढी माहिती हाती आल्याशिवाय खताचे नाव सांगू नये.

पिवळ्या पानापुढे उभे राहिल्यावर क्रम असा असावा. आधी बोट मातीत. मग छिद्र मोकळे आहे का ते पाहावे. मग मुळे. मग जुने पान की नवे पान. खताची पाळी यानंतर येते, आणि अनेक कुंड्यांच्या बाबतीत ती येणारच नाही. पाणी आठ दिवस आवरले की नवे पान हिरवेच फुटेल. पिवळे झालेले जुने पान मात्र परत हिरवे होत नाही, त्यामुळे सुधारणा मोजायची ती शेंड्याकडे पाहून.